एकटीच्या मापाची गाडी

ह्यांना काचबिंदू झाल्याचं कळलं, तोवर दोन्ही डोळ्यांच्या कडांची नजर गेलेली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं. वर्तमानपत्र वाचायचे, टीव्हीवरच्या बातम्यांखाली पळणारी पट्टीसुद्धा वाचायचे. पण मी शेजारी येऊन उभी राहिले की दचकायचे. भुसावळच्या डॉक्टरांनी डोळ्यांत टाकायला थेंब लिहून दिले आणि फाइल मिटता मिटता म्हणाले, "गाडी चालवणं मात्र आता बंद."

आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहत होतो. हे वीज केंद्रात नोकरीला, मी भुसावळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याच्या कामावर. गाडी म्हणजे ह्यांची मोटारसायकल. जड, काळी, जुन्या वळणाची. ती घेतल्यापासून ह्यांच्या मनात एकच होतं, कच्छला जायचं. कच्छच का, असं विचारलं तर म्हणायचे, "आपल्या दारातून मावळतीकडे निघालं की देश संपतो तिथपर्यंत जायचं. तिथं उभं राहून बघायचं आणि परत यायचं." यापलीकडे त्यांना काही सांगता यायचं नाही आणि मलाही त्यापलीकडे काही विचारावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर गाडी बरेच दिवस कापडाखाली होती. मग एका रविवारी ह्यांनी कापड काढलं, टाकी पुसली आणि मला हाक मारली. "बस. पुढे बस."

मला स्कूटर चालवायची सवय होती. ही गाडी म्हणजे वेगळंच जनावर. वसाहतीच्या मैदानावर मी शिकले. क्लच सोडताना गचके, बंद पडणं, पुन्हा सुरू करणं, मैदानात फिरायला येणाऱ्या बायकांचं थांबून बघणं, सगळं झालं. नंतर दोन वर्षं मी चालवत होते आणि हे मागे बसत होते. भुसावळ, जळगाव, कधी भडगावला सासरी. मागे बसून ह्यांचं चालू असायचं. "गिअर टाक." "आता ब्रेक नको, नुसता क्लच." "आवाज ऐक, इंजिन ओरडतंय बघ." आणि मी ऐकायचे. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं ते कानांनी कळायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं.

एकदा भडगावहून परतताना पाचोऱ्याच्या बाहेर आम्ही चहाला थांबलो. कापसाने भरलेले टेम्पो रस्त्याने चालले होते. हे खुशीत होते. म्हणाले, "या डिसेंबरात निघूच. मी रजा टाकतो. तू चालव, मी मागे."

मी हे कधीतरी बोलणार होते. त्या दिवशी तोंडातून गेलं. "मला एकटीला जायचंय."

ह्यांनी कप खाली ठेवला. "माझा त्रास होतो का?"

"त्रास नाही हो. तुम्ही मागे असलात की मी तुमच्या कानांनी गाडी चालवते. चूक झाली तरी तुम्ही आहात, असं वाटतं. एकदा माझ्याच कानांनी चालवून बघायचीय. लांब."

"आणि मी?"

"तुम्ही घरी."

मनात घोळवताना ते इतकं कठोर वाटलं नव्हतं. हे चहा संपवून मागे बसले. जळगावच्या गर्दीतून गाडी काढताना एरवी दहा सूचना यायच्या. त्या दिवशी मागून एक शब्द आला नाही. एका चौकात रिक्षा आडवी आली, मी वाचवली, तरी नाही. घरी पोचेपर्यंत माझे खांदे आखडून गेले होते.

नंतरचे काही दिवस आम्ही भाजी, पाणी, लाइटबिल यांवरच बोललो. मी पुन्हा विषय काढला नाही. मागे घ्यावा असंही वाटलं नाही. ह्यांचं स्वप्न मी उचलून नेतेय का, असं मनात येई. पण मग वाटे, दोन वर्षं हँडल माझ्या हातात आहे, तेव्हा त्यातलं थोडं तरी आता माझं झालं असेल.

एका सुटीच्या सकाळी मी कणीक मळत होते. बाहेरून पान्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर हे गाडीशेजारी फरशीवर बसले होते आणि मागची सीट त्यांच्या मांडीवर होती. बोल्ट काढून वाटीत ठेवलेले. फडक्याने ते सीटची खालची बाजू पुसत होते. तिथे कितीतरी दिवसांची धूळ बसली होती.

"इथं लोखंडी कॅरिअर बसेल," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "सामान चाकाच्या मागे लोंबकळायला नको. जितकं अंगाजवळ, तितकी गाडी हातात राहते."

मी उंबऱ्यातच उभी. हातांना कणीक. "सीट कुठे ठेवायची?"

"माळ्यावर."

माळ्यावर मीच चढले. खाली स्टूल धरून हे उभे होते. सीट आत सरकवून मी खाली उतरले, तेव्हा ह्यांनी लगेच स्टूल सोडलं नाही. मग ते म्हणाले, "पोळ्या कर. नंतर जळगावला जाऊ, पुढच्या सीटचं बघू."

सीट बनवणारा कारागीर जळगावला रस्त्याकडेच्या टपरीत बसायचा. त्याने मला गाडीवर बसवलं आणि खाली वाकून बघितलं. माझे चवडे टेकत होते, टाचा अधांतरी. भरलेली गाडी उतारावर थांबवायची तर एवढ्यावर भागणार नव्हतं. त्याने कव्हर उसवलं आणि लांब पात्याने फोम कापायला घेतला. पिवळे तुकडे खाली पडत होते. कापता कापता ह्यांना म्हणाला, "भाऊ, पण मग तुम्ही चालवाल तेव्हा गुडघे फार दुमडतील."

"मी नाही चालवत," हे म्हणाले. "हिच्याच मापाची कर."

मी दोन्ही टाचा टेकवून बसले. हँडलही थोडं मागे ओढून घेतलं. गाडी तीच, पण आता ह्यांनी वर बसायचं म्हटलं असतं तर बसता आलं नसतं. जाताना हे मागे गोधडीची घडी टाकून कसेबसे बसले होते. परतताना तसं नको, रेल्वेने भुसावळला जाईन, म्हणाले. पण गर्दीत एकटे जायला धजले नाहीत. शेवटी मी गाडी कारागिराकडेच ठेवली, दोघं बसने आलो आणि मी दुसऱ्या दिवशी जाऊन ती आणली.

मग तयारीला धार आली. चेन कशी धुवायची, किती सैल ठेवायची, ते ह्यांनी माझ्याच हातून करून घेतलं. नवी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून चिकटपट्टीने बांधून ठेवली, म्हणजे रस्त्यात तुटली तर टोकंच जोडायची. मागचं चाक काढून ट्यूब बदलायला मला पहिल्यांदा जवळपास अर्धा दिवस लागला. हे खुर्चीत बसून बघत होते, बोटांची चाळवाचाळव चालली होती, पण उठले नाहीत.

सगळ्यात अवघड होतं पडलेली गाडी उचलणं. त्यासाठी ह्यांनी अंगणात जुनी गादी टाकली आणि आम्ही गाडी तिच्यावर आडवी निजवली. समोरच्या घरातल्या अक्का अपघात झाला समजून पदर खोचत धावत आल्या. त्यांना खरं सांगितल्यावर त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि तिथेच पायरीवर बसल्या, पुढचं बघायला.

"हातांनी ओढू नकोस," हे सांगत होते. "पाठ सीटला लाव. खाली बस. एक हात हँडलला, एक कॅरिअरला. आता पायांनी मागे रेट."

पहिल्या दिवशी गाडी हलली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी उठली आणि परत गादीवर गेली. मग मी रोज ओट्याला धरून उठाबशा काढू लागले, पाण्याच्या टाकीचा जिना चढू लागले. ज्या सकाळी गाडी उभी राहिली, त्या सकाळी अक्कांनी टाळ्या वाजवल्या. हे फक्त म्हणाले, "पुन्हा."

आणखी एक तयारी होती, तिच्याबद्दल ह्यांच्याशी काय बोलणार. बाहेर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, ही सवय मला लहानपणापासूनची. रस्त्यात सोय नसते म्हणून. लॅबमध्ये असल्या सवयीचे परिणाम मी रोज बघते, तरी माझी सुटली नव्हती. दिवसभर गाडीवर बसायचं तर ती मोडायलाच हवी होती. मी भरपूर पाणी पिऊन निघू लागले. पेट्रोल पंपावर गाडी लावायची, सरळ स्वच्छतागृहाकडे जायचं आणि कुलूप असेल तर किल्ली मागायची. पहिल्यांदा किल्ली मागताना आवाज बारीक झाला होता. नंतर झाला नाही. मला वाटतं, या सगळ्या तयारीत माझ्यात खरा बदल कुठे झाला असेल तर इथे.

निघण्याआधी सगळं सामान लादून एक फेरी मारून बघायची ठरली. मी माहेर निवडलं. साक्रीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव. जळगाव, पारोळा, धुळे करत दुपारी पोचले. शेजारून ट्रक गेला की वाऱ्याने गाडी आधी लांब लोटली जायची आणि मग आत ओढली जायची. धुळ्यापर्यंत मी हँडल इतकं आवळून धरलं होतं की चहाला थांबल्यावर बोटं एकेक करून उलगडावी लागली. पुढे जरा सैल धरून बघितलं तर गाडी आपली आपण सावरते, असं लक्षात आलं.

माझे वडील, आबा, शेतात होते. शेताच्या वाटेवर भुसभुशीत माती होती. पुढचं चाक रुतलं आणि गाडी सावकाश, अगदी बसल्यासारखी, आडवी झाली. मी बाजूला उडी मारली. आबा बांधावरून काठी टेकत आले आणि हात पुढे करून वाकायला लागले.

"थांबा आबा. हात लावू नका."

मी पाठ लावली. पहिल्यांदा पाय घसरले. पिशव्या सोडवल्या, टाचांनी मातीत खड्डे केले आणि पुन्हा रेटलं. गाडी उभी राहिली. आबा म्हणाले, "मना बैल बठी गयथा, त्याले उठाडाले चार मानसे लागनात." मग विचारलं, "जवाई कठे शेतस?"

"घरी."

"तुले भ्याव नही लागना?"

भय वाटलंच होतं, तरी आले होते. तेवढंच मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, खाली पडलेल्या पिशव्या काठीने टोचून बघितल्या आणि म्हणाले, "बठ्ठं घर लई जाई राहिनी का?"

सगळं घरच नेत होते म्हणा ना. शेतावरून घरी आल्यावर खाटेवर सगळं काढून ठेवलं. दुसरी शाल, चपलांचा जास्तीचा जोड, डबे. आबा एकेक वस्तू उचलून माझ्यासमोर धरायचे, मी बघायचे आणि ती बाजूला जायची. निम्मं सामान माहेरीच राहिलं.

संध्याकाळी ह्यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. गाडी घेऊन लगेच निघावं असं वाटलं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. धापा टाकत होते.

"कुठे होतात?"

"बाजारात गेलो होतो. एकटाच."

"अहो, एकटे कशाला?"

"दोन जणांना धडकलो. एका बाईच्या टोपलीला पाय लागला, तिने शिव्या घातल्या. पण वांगी चांगली मिळाली." मग म्हणाले, "मलाही थोडी तयारी करू दे की."

डोळ्यांचं कळल्यापासून बाजारात मी त्यांच्या कडेने चालत असे, कोपराला धरून. ते त्यांना हवं होतं की नाही, हे आमच्यात कधी निघालंच नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी मी निघाले. ह्यांनी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघितले. "घाबरलीस तर थांब," म्हणाले. "थांबायची लाज बाळगू नकोस." एवढंच.

मी बऱ्याचदा थांबले. नवापूरच्या पुढे धुक्यात थांबले. भरूचच्या अलीकडे मोठ्या गाड्यांच्या रांगेत जीव घाबरा झाला, म्हणून एका झाडाखाली नुसती बसून राहिले. कच्छात शिरल्यावर कडेने असा वारा लागला की गाडी तिरकी धरून चालवावी लागली. पण रोज संध्याकाळी कुठेतरी पोचत होते.

देश संपतो त्या टोकाला एका जुन्या किल्ल्याची भिंत आहे. तिच्यावर चढून मी बघितलं. पलीकडे पाणी नाही, शेत नाही, राखाडी चिखल आणि त्यावर पांढरट ऊन. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली होती. खालच्या टपरीवरच्या बाईने बाजरीचा रोटला आणि ताक दिलं आणि विचारलं, "एकली?" तिची बोली ऐकून मला आमच्या साक्रीकडची आठवण आली. मी "एकलीच" म्हटलं. तिने आणखी एक रोटला टाकला.

परतीला आल्या रस्त्याने जायचं ठरलं होतं. एका फाट्यावर समुद्राकडे जाणारा रस्ता दिसला आणि मी तिकडे वळले. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी ह्यांना फोन करून सांगितलं, "मला यायला उशीर होईल. वाट बदललीय."

"बरं," हे म्हणाले. "ठेवतो, दूध उतू चाललंय."