किटली चमकली, ओटा गेला

आता काय सांगू तुम्हाला, इथे ओमानमध्ये, आमच्या हमरियाच्या वस्तीत माझ्या स्वच्छतेचा एवढा दरारा, की शेजारणी दारातच पाय झटकून आत येतात. आणि माझं नाक कापलं गेलं कुठे? माझ्याच ओट्यावर!

त्या शुक्रवारी अर्बाब, म्हणजे आमचा म्हातारा ओमानी घरमालक, घर बघायला येणार होता. नीट ठेवलेलं दिसलं तर आणखी वर्षभर राहा, नाहीतर खलास! त्यातून ओटा त्याच्या वडिलांनी बसवलेला, पांढराशुभ्र संगमरवर.

सकाळीच किटली घासायला घेतली. आत इथल्या जड पाण्याचं पांढरं कीटण, तारेनेही निघेना.

नववीतली लेक म्हणाली, "आई, ते पाण्यात डिझॉल्व नाही होत. व्हिनेगर टाक. मग नवीन सॉल्ट बनतो, तो पाण्यात जातो."

"आणि चहा खारट झाला म्हणजे?"

"सगळे सॉल्ट खारट नसतात गं!"

चौथी पास आईला अक्कल शिकवते! पण ओतलं. फसफस फसफस... किटली नवी कोरी! ओट्यावर मधोमध मिरवत ठेवली.

मग काय, हात शिवशिवले. शेजारीच नवऱ्याने लिंबू पिळून पाडलेला डाग होता. महिनाभर त्यावरून त्यांना झोडपत होते. ओतलं व्हिनेगर. बारीक बुडबुडे! म्हटलं, मळ निघतोय. जितके बुडबुडे तितका मळ, हो की नाही? दुसरी बाटली फोडली. किटलीभोवतीने अख्ख्या ओट्याला आंघोळ घातली, वर तासभर भिजत ठेवला.

लेक किंचाळली, "आई! मार्बल आणि किटलीतलं ते सेमच असतं! तू ओटा विरघळवलास!"

पुसून बघते तर ओटा खडूसारखा पांढराफटक, खरखरीत.

नवरा हळूच म्हणाला, "माझ्या लिंबाचा एकच डाग होता हं."

"तुम्ही गप्प बसा!"

तेवढ्यात बेल वाजली, नवऱ्याने अर्बाबला आत आणलं. मी ओट्यासमोर भिंतीसारखी उभी. "आओ अर्बाब, चाय पियो!" म्हणत घाईघाईत किटली उचलली. खाली गोल चकती, आरशासारखी लखलखीत!

अर्बाबने त्या चकतीवर बोट ठेवलं. "बहन, ये क्या?"

"वहाँ किटली थी," मी पुटपुटले, "उतना साफ करना रह गया."

"अल्हम्दुलिल्लाह!" म्हाताऱ्याने हात वर करून देवाचे आभार मानले.

घर मिळालं हो, वर्षभर. अट एकच घातली त्याने: ओटा नवऱ्याने पुसायचा, मी हात लावायचा नाही.