डाव्या गुडघ्यावर जुना व्रण

आज जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. चौतीस वर्षं फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ असा सुविचार लिहिणाऱ्या माणसानं उरावर वाहिलेलं हे ओझं आहे. निदान असं म्हणायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मला झोप उत्तम लागते, भाकरी पचते आणि निवृत्तीनंतरचे दिवस मजेत चालले आहेत. तेही कबुलीतच धरा.

निलंग्याजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. मोठा दुष्काळ पडला त्या साली सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, आणि लातूरला लष्कराची भरती असल्याची बातमी आली. एका दुपारी सहा पोरं शाळेत आली. गावात फॉर्म भरू शकणारा मी एकटा. फॉर्म लांबलचक — बापाचं नाव, वय, शिक्षण — आणि त्यात एक रकाना, अंगावरची ओळखीची खूण.

तुम्ही काय केलं असतं? एकेकाला उजेडात उभं करून तीळ-व्रण शोधला असता, हो ना? मी पहिल्याला विचारलं. त्यानं विजार वर करून डावा गुडघा दाखवला. त्यावर खरोखरच व्रण होता. उरलेल्या पाच जणांना मी विचारलंच नाही. ऊन होतं, रांजण कोरडा होता, आणि खेड्यातल्या पोराच्या गुडघ्यावर व्रण असतोच, असा माझा अनुभव. सहाही फॉर्मांवर मी वळणदार अक्षरात लिहिलं — डाव्या गुडघ्यावर जुना व्रण. खाली सही. शाळेचा शिक्का.

हाच का तो गुन्हा? — थांबा. एवढ्यासाठी कुणी कागद खराब करत नाही. हा आळस झाला, आणि आळस माणूस स्वतःला सहज माफ करतो.

त्या सहांतला दिगंबर लष्करात ड्रायव्हर झाला. दहाएक वर्षांनी परतला तो काठी टेकत. डोंगरातल्या रस्त्यावर त्याचा ट्रक उलटला होता आणि डावा गुडघा चेचला होता. टाक्यांचा मोठा व्रण, पाय वाकत नाही. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी त्यानं अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण दिलं होतं — भरतीच्या कागदातच डाव्या गुडघ्यावर जुना व्रण असल्याची नोंद आहे. सबब दुखापत सेवेपूर्वीची असून ती पुढे बळावली, इतकेच.

पत्र घेऊन तो माझ्याकडेच आला. दुसरं कोण होतं त्याला? मी ते वाचलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचल्यासारखं केलं.

“गुर्जी,” तो म्हणाला, “फॉर्म तर तुमीच भरला होता न?”

साधा प्रश्न होता. त्यात संशय नव्हता — तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, “मी हनुवटी लिहिली होती. तिकडच्या कारकुनानं नक्कल करताना घोळ घातला असणार.” त्याच्या हनुवटीखालचा व्रण मला त्या क्षणी, समोरच दिसत होता.

हे ते. हेच सांगायचं होतं.

का बोललो मी असं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नोकरी जाण्याची भीती होती. नव्हती. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. पावसानं पुन्हा दगा दिला होता, विहिरींत गाळ उरला होता, पण कोनशिला जोरात उगवत होत्या. टँकर यायच्या आधी टँकरचं उद्घाटन करणारे यायचे. पारावर बसून त्या हारतुऱ्यांची टिंगल करणं हा माझा आवडता धंदा. आणि नव्या जिल्ह्याच्या पहिल्या आदर्श शिक्षकांच्या यादीत आपलं नाव आहे, हे मला आतून कळलं होतं. खूण न बघताच फॉर्म भरला असं मी लिहून दिलं असतं तर ते नाव गळलं असतं. मला ती शाल हवी होती. एवढंच.

अपील मीच लिहिलं. दिगंबरची आई काशीबाई जबाब द्यायला आली आणि ओट्यावर मांडी घालून बसली.

“लिवा गुर्जी. माज्या लेकराच्या गुडघ्याला वरखडाबी नव्हता. हनुवटीखाली हाय, दीड वर्साचा असताना जात्यावर पडला. दुसरा पाठीत, बैलानं शिंग मारलं. तिसरा न्हाई. मी न्हाऊ घातलंय त्याला, मला ठावं न्हाई का?”

“आई, गुर्जींनी हनुवटीच लिवली होती,” दिगंबर म्हणाला. “तो कारकून—”

“डोळे घरी ठिवून आला असंल मुर्दा. व्हय का न्हाई, गुर्जी?”

मी म्हणालो, “असंल.”

आणि लिहीत राहिलो. कधी जन्मालाच न आलेल्या कारकुनाविरुद्ध अडीच पानं — सुंदर भाषेत. माझ्या सहीपुढं अडाणी आईची आठवण टिकणार नाही, हे त्या ओट्यावर मला एकट्यालाच ठाऊक होतं.

अपील फेटाळलं गेलं. दुसरंही. चार वर्षं गेली. या चार वर्षांत दिगंबरची बायको रोजगार हमीवर दगड वाहत होती, आणि डोंगरात ट्रक चालवलेला गडी दारात बसून चिंचा फोडत होता. मी शाळेला जाताना तो बसल्या जागी नमस्कार करायचा. मी मान हलवायचो. शाल तोवर मिळाली होती. ती जाड होती, आपल्याकडच्या हवेला नको तेवढी.

तिसऱ्या अपिलाच्या वेळी कुण्या अधिकाऱ्यानं, देव जाणे का, त्या सहांपैकी भरती झालेल्या चौघांचे कागद एकत्र मागवले. त्यानं निकालात लिहिलं की एकाच गावच्या चार उमेदवारांच्या डाव्या गुडघ्यावर एकसारखा जुना व्रण असणे संभवत नाही. नोंद न पाहता केलेली दिसते. ती ग्राह्य नाही. पेन्शन मंजूर. नोंद कुणी केली, हे त्यानं लिहिलं नाही. ज्याच्या गुडघ्यावर खरंच व्रण होता तो त्या चौघांत नव्हता — वजन कमी भरलं म्हणून त्याला घेतलंच नव्हतं.

म्हणजे माझ्या खोटेपणानं दिगंबरचं अडलं, आणि तो खोटेपणा इतका ढळढळीत होता म्हणूनच सुटलं. यात माझं श्रेय काही नाही. गावानं मात्र ते मला दिलं.

निकाल आला त्या दुपारी काशीबाई पुडा घेऊन शाळेत आली. मागून दिगंबर, काठी टेकत. “तुमच्या लिवन्यानं झालं गुर्जी,” ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी बाई. शाळा सुटली होती, आम्ही तिघंच होतो. पेन्शन मिळालेली होती, शालही मिळालेली होती; आता खरं सांगून कुणाचं काही जाणार नव्हतं, फार तर तिनं मला एक शिवी दिली असती. मी तोंड उघडलं.

तिनं त्यात पेढा घातला. ताजा होता. मी दोन खाल्ले.