गाळलेली दोन पानं

परवा सावेडीच्या फ्लॅटमध्ये वीज गेली. ती आल्यावर मी मेणबत्ती विझवली, आणि त्या धुराच्या वासासरशी पारनेरजवळच्या आमच्या गावातल्या विहारात जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यातला वर्षावास होता. त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी बुद्धाच्या चरित्राचं वाचन व्हायचं. एकदा नेमलेला वाचक ग्रंथ पुरा होईपर्यंत बदलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी मला नेमलं होतं. नर्सिंगला नगरला जायचं होतं, प्रवेशाची मुदत संपत आली होती, आणि वडील म्हणत होते, "ग्रंथ अर्धा टाकून जायचं न्हाई." समोर मेणबत्त्या, दारापर्यंत दाटीनं बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर पेंगलेली लेकरं. जीव कोंडायचा. मग मी पानं गाळायला लागले.

एका संध्याकाळी वाचनात राजपुत्रानं घर सोडलं, तशी दोन पानं उलटून मी त्याला थेट अरण्यात नेलं.

"थांब पोरी," बायांमध्ये पुढे बसलेल्या कोंडामावशी म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण दर पावसाळ्यात ऐकून ग्रंथ पाठ झाला होता. "सकाळी त्याची बायकू उठली, ते कुठंय? आमी तेवढ्यासाठीच येतो."

मी मागे गेले. ती जागी झाली, शेजारची जागा रिकामी होती, कुशीत बाळ होतं. एवढं वाचेपर्यंत विहारात कुणी हललं नाही.

उठताना मावशी हळूच म्हणाल्या, "आता गाळ, तुला काय गाळायचं ते."

आठवड्यात ग्रंथ संपला. मी मुदतीत नगरला पोचले. तेव्हा मला वाटत होतं, त्या विहारात एकटी मीच अडकलेय.