अयुबमामूंचा रिले आणि मशीनचं मिल

अयुबमामूंना हाक मारली की आधी श्वास येतो, मग उत्तर. नाकातून लांब आत ओढलेला आणि तोंडातून हळूहळू सोडलेला, एसटीच्या ब्रेकमधून हवा सुटावी तसा. त्यामागून, "हं... बोला." तळेगाव ढमढेऱ्याला स्टँडच्या मागं त्यांचं रिपेरिंगचं दुकान. मामू आत आहेत का हे बघायला डोकवावं लागत नाही. बाहेर उभं राहून ऐकलं की पुरतं.

"अयुब, ह्यो रेडू बग की," एखादी म्हातारी पाटी टेकवून म्हणणार. "सांगली लावली तरी पुनंच बोलतंय."

श्वास. "हं... ठिवा मावशी."

"कवा मिळंल?"

श्वास. "बगू."

हे 'बगू' म्हणजे सोमवार का पुढचा पाडवा, हे तालुक्यात कुणी सांगू शकत नाही. पण वस्तू परत मिळते, आणि बोलायला लागलेली मिळते.

रेडिओ-टीव्ही मात्र वरवरचं. मामूंचं खरं काम मोटारींचा ऑटो. लाईट गेली की पाण्याची मोटार बंद पडते, आणि आली की कुणीतरी शेतात जाऊन ती चालू करावी लागते. ऑटोचा डबा ते काम आपण होऊन करतो. लाईट आल्यावर जरा थांबतो, तिन्ही फेज आल्यात का बघतो, मगच मोटार सोडतो. एक फेज कमी असली तर गप्प बसतो आणि मोटार जळायची वाचते. ह्या डब्यातला बोर्ड मामू हातानं करायचे. तांब्याचा थर चढवलेला बोर्ड घ्यायचा, त्यावर बारीक ब्रशनं लाल नेलपॉलिशच्या रेघा ओढायच्या आणि तो तांबं खाणाऱ्या फेरिकच्या पाण्यात सोडायचा. रंगाखालचं तांबं राहतं, बाकीचं निघून जातं. राहिलेल्या रेघांतून करंट फिरतो.

नेलपॉलिश अर्थातच आसमीनमामींची. "लगीन झाल्यापास्नं नखं माझी कोरी आन् बोर्डं ह्यांची नटलेली," असं त्या कुणालाही सांगायच्या, मामूंच्या समोर, मामूंना ऐकू जाईल अशा बेतानं.

अठरा वर्षं असं चाललं. मग दोन हजार दोनच्या थंडीत मामूंचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप धरताना कळायचं नाही, रेघ ओढताना कळायचं. दोन रेघा एकमेकींना चिकटायच्या आणि बोर्ड धूर काढायचा. शिरूरचे डॉक्टर पेशंटकडं न बघता बोलणारे. "काही नाही, काही नाही, नस आहे, गोळ्या घ्या, बारीक काम बंद करा, हां, पुढचे कोण?"

मामू बाहेर येऊन बाकड्यावर बसले. "बारीक काम बंद करा म्हंतो," ते मामींना म्हणाले. "माझ्याकडं मोठं काम हाय कुठलं?"

आणि नेमकं पुढच्या दिवाळीआधी हौसराव दुकानात आले. हौसराव म्हणजे वडगाव रासाईच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. भीमेच्या काठाला संस्थेच्या चौतीस मोटारी. हौसराव घरात मीठ मागितलं तरी सभेत ठराव मांडल्यासारखं मागतात.

"अयुबभाई, गेल्या साली आमच्या सात मोटारी जळाल्या. तवा चौतीसच्या चौतीस मोटारींना ऑटो बसवावा, आन् तो तुमचाच बसवावा, असं माझं म्हननं हाय."

श्वास. "हं... बगू."

"बगू न्हाई. दौंडचा डीलर तयार डबं घिऊन पायरीवं उभा हाय. आमच्या कमिटीतले सर्जेराव त्याच्या बाजूचे. पुढच्या ऐतवारी मोटारघरावं मीटिंग. एक डबा लावून दाखवा. आन् सगळे एकसारखे पायजेत. मागं तुम्ही दोन दिलेवते, एकाच्या रेघा सरळ, दुसऱ्याच्या गांडुळावानी."

गांडुळावानी. मामू त्या दिवशी जेवले नाहीत. चौतीस बोर्ड, एकसारखे, ह्या हातानं होणार नव्हते. आणि ते गेले म्हणजे ऑटोचं काम गेलं, कारण वडगावानं दुसरा डबा लावला की खालच्या वरच्या गावांनी तोच लावला असता. मामू मग रेडिओवाले उरले असते, आणि रेडिओ आता किती जण ऐकतात?

दौंडला मामींचा भाऊ खुर्शिद रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. त्यानं ओळखीतून एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन आणून ठेवला. सोबत बोर्डाचं ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरची सीडी. एकदा ड्रॉइंग झालं की फ्लॉपी भोसरीला द्यायची, तिथला बोर्डवाला हवे तेवढे बोर्ड छापून देतो, सगळे जुळे. खुर्शिद बोलतो तो स्टेशनवरच्या भोंग्यातून बोलल्यासारखा. "दुल्हेभाई, ध्यान दीजिए. रेघा मशीन काढनार, तुमी फक्त दाखवायचं, इथून तिथं." एवढं सांगून संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

मामू शिकले. लाईट सकाळी दहाला जायची ती दोनला यायची. दोनला मामू बसायचे, आणि साडेतीनला लाईट पुन्हा एकदा डोळा मिचकावून सेव्ह न केलेलं सगळं घेऊन जायची. तेवढ्यासाठी मामूंनी एक वेगळा श्वास राखून ठेवला होता, नेहमीच्या दुप्पट. तरी पाच दिवसांत बोर्ड जमत आला. अडला फक्त रिलेपाशी.

रिले म्हणजे तो निळा चौकोनी ठोकळा, जो 'टक' म्हणतो आणि मोटार चालू होते. कुठल्याही पार्टचे पाय बोर्डावर कुठं उतरणार, त्या भोकांचा नकाशा सॉफ्टवेअरला आधी लागतो. त्याला फूटप्रिंट म्हणतात. मामू म्हणायचे, 'पाय'. आयसीचे पाय सॉफ्टवेअरमध्ये होते, रेझिस्टरचे होते, रिलेचे नव्हते. खुर्शिदनं पुण्याच्या मित्राकडून ते एका फाईलमध्ये आणून दिले होते. ती फाईल आत घ्यायची, म्हणजे इंपोर्ट करायची, राहिली होती.

गुरुवारी दोनला लाईट आली. फोन समोरच्या म्हाळूच्या एसटीडी बूथमध्ये, कॉम्प्युटर इकडं दुकानात, मध्ये जीपगाड्यांचा रस्ता. म्हाळू रिसीव्हर कानाला लावून बूथच्या दारात उभा राहिला. वायर पुरत नव्हती म्हणून एक पाय आत, एक बाहेर.

"खुर्शिदभाई म्हनत्यात, फाईल दाबा!"

"दाबली!"

"म्हनत्यात, इंपोर्ट दाबा!"

"दाबलं! खिडकी उघडली. इचारतंय काय तरी. युनिट म्हंतंय. मिल का एमएम?"

म्हाळू आत वळला, पुन्हा बाहेर आला. "खुर्शिदभाई इचारत्यात, दोन्ही एकच न्हाई व्हय?"

"एकच की! मग कुठलं दाबू?"

"म्हनत्यात, रिले किती मिलचा?"

"पंधरा मिल बाय एकोणीस मिल!"

"मग म्हनत्यात मिलच दाबा! दुल्हेभाई, मिल, असं म्हनत्यात!"

आमच्या भागात सळई दहा मिलची असते, पाना तेरा मिलचा, पत्रा अर्ध्या मिलचा. एमएम फक्त कागदावर लिहायचं, तोंडानं मिलच म्हणायचं. मामूंनी मिल दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही.

"न्हाई आलं!"

"म्हनत्यात, पुन्यांदा दाबा!"

मामूंनी पुन्हा दाबलं. सगळं मिळून अकरा वेळा दाबलं. म्हाळूचा घसा बसत चालला होता. तेवढ्यात बूथला गिऱ्हाईक आलं, एक बाई माहेरी फोन लावायला, आणि रस्त्यावरचं शिक्षण बंद पडलं. मामूंनी खिशातून रुमाल काढून पडद्यावरचा एक काळा ठिपका पुसला. ठिपका गेला नाही. थुंकी लावून पुसला. गेला नाही. मग ते कपाळ टेबलावर टेकवून बसले.

मामी चहा घेऊन आल्या. "काय झालं?"

"पाय येत न्हाईत."

"कुनाचे?"

"रिलेचे."

मामींनी कप ठेवला तसं कोपरानं कीबोर्डचं बटण दबून पडद्यावरचं चित्र सरकलं. "आन् ही मुंगी कशाची?"

"घाण हाय. निघत न्हाई."

"घाण कशी आसंल? मगा इथं व्हती, आता तिथं गेली. चित्र हाललं की ती बी हालती."

मामूंनी डोकं वर केलं. चित्र सरकवलं. मुंगी सरकली. मग चित्र मोठं केलं, आणखी मोठं, आणखी मोठं, आणि मुंगीच्या पोटात पाच भोकं दिसली, रिलेच्या पाच पायांची, एकही न चुकता. अकरा रिले एकावर एक बसलेले.

"या अल्ला," मामू म्हणाले. "आलाय. पन मुंगीचा आलाय."

आता मामूंचं डोकं चाललं. हात थरथरत होता, डोकं नव्हतं. त्यांनी सॉफ्टवेअरमधला आयसी घेतला. आयसीच्या दोन पायांमधलं अंतर अडीच मिल, हे अठरा वर्षं त्यांनी डोळे मिटून ओढलेलं. कॉम्प्युटर सांगत होता, शंभर.

"अडीचच्या जागी शंभर?" ते स्वतःशीच म्हणाले. "आसमीन, ह्या मशीनचं मिल आपलं न्हाई. हेचं मिल लई बारकं हाय. ह्यांनी इंचाचे हजार तुकडं केलेत आन् एकेकाला मिल म्हंत्यात."

"मग आपलं कुठलं?"

"ते एमएम."

"मग फोनवर एवढा गाव गोळा करून भलतंच दाबलं व्हय?" मामी म्हणाल्या. "चहा घ्या, निवला."

मामूंनी अकराच्या अकरा मुंग्या पुसून टाकल्या आणि या वेळी एमएम दाबलं. निळ्या ठोकळ्याचे पाय आले, भरदार, ऐसपैस. तरी विश्वास नव्हता. पलीकडच्या डीटीपीवाल्याकडून त्यांनी ड्रॉइंगची खऱ्या मापाची प्रिंट काढून आणली, कागद थर्माकोलवर ठेवला आणि रिले त्याच्यावर दाबला. पाच पाय, पाच भोकं, कागद कुठंही फाटला नाही. दुसऱ्या कुणी आनंदानं ओरडलं असतं. मामूंनी रिले उपटला, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "पाठ दुखती."

शुक्रवारी फ्लॉपी खिशात घालून मामू भोसरीला गेले. जाताना उभं, येताना उभं. बोर्डवाल्याच्या हातापाया पडल्यावर त्यानं एक बोर्ड शनिवारी संध्याकाळी दिला. रविवारी सकाळी डबा जोडून मामू जीपच्या मागच्या फळीवर बसून वडगावला पोचले.

मोटारघरापुढं दहा-बारा जण. हौसराव खुर्चीवर, सर्जेराव उभे. सर्जेरावांचं बोलणं सगळं प्रश्नांत. त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं.

"ह्ये तुमचं काम हाय व्हय अयुबभाई? लाल रंग कुठं गेला? ह्यो तर हिरवा हाय की?"

"कॉम्प्युटरवर काढला."

"तुम्ही? कॉम्प्युटर?"

"सर्जेराव, लाईट यायला दहा मिन्टं हायत," हौसराव म्हणाले. "तवर गप ऱ्हावं, असं माझं म्हननं हाय."

लाईट आली. दिवा लागला. मोटार गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. सर्जेराव तोंड उघडणार, एवढ्यात डब्यातून 'टक' झालं आणि मोटार घुमली. पाईपातून पाणी यायला आणखी थोडा वेळ लागला. सगळे पाईपाच्या तोंडाकडं बघत होते, मामू फक्त डब्याकडं. मग हौसरावांनी एका फेजचा फ्यूज काढायला सांगितला. मोटार बंद. मामूंनी मोटारीचं बटण दाबून दाखवलं. डबा हूं का चूं करीना.

"पास," हौसराव म्हणाले.

"पास, पन चेअरमनसाहेब," सर्जेराव म्हणाले, "आता ह्ये फ्लॉपीत हाय ना? मग ती भोसरीवाल्याला आपनच का देऊ नये? आता ह्यांच्या हाताचं हाय काय त्यात?"

मामूंनी खरंच खिशात हात घातला आणि फ्लॉपी काढून पुढं केली. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसेल इतका.

श्वास. "न्या. ह्या रिलेचे पाय ह्यात हायत. उद्या कंपनीनं रिले बदलला, पाय दुसरीकडं आले, तर तवा फ्लॉपीला इचारा कुठं बसवायचे."

सर्जेरावांनी हात पुढं केला नाही. त्यांनी उघडलेलं डब्याचं झाकण तेवढं लावलं.

हौसराव खुर्चीतून उठले, फ्लॉपी घेतली आणि मामूंच्या शर्टाच्या खिशात परत घातली. "चौतीस डबे अयुबभाईच देतील. ह्या म्हैन्याच्या आखेरीला."

मामूंनी मोटारीकडं बघितलं, मग हौसरावांकडं. "न्हाई व्हनार."

"काय?"

"आखेरीला न्हाई व्हनार. मी दमलोय चेअरमनसाहेब. संक्रांतीला देतो. दोन दिसाला एक, त्यापरास जास्त न्हाई."

हौसरावांना असं उत्तर मिळायची सवय नव्हती. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, जमलेल्यांकडं बघितलं, कुणी अनुमोदन देतंय का ते.

"संक्रांतीला," ते म्हणाले. "असं... ह्यांचं म्हननं हाय."