संशयी नर्सबाई

आमच्या शेजारच्या नर्सबाईंचा कुणाच्या शब्दावर विश्वासच नव्हता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या लोणीत राहायला आल्या होत्या. कुणी “बरी आहे” म्हटलं, की त्या आधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. म्हणायच्या, “मानूस खोटं बोलतं. आंग न्हाई बोलत.”

माझा मात्र त्यांच्यावरच विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी त्या सासूबाईंपाशी येऊन बसायच्या. तिथं काय बोलणं व्हायचं, कोण जाणे.

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. तिच्या वेळच्या सिझेरियनचे टाके अजून दुखत होते. नवऱ्याशी बोलून, मंचरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मी गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या. सासूबाईंना सांगितलं, पाळी जड जातेय.

दुसऱ्या दिवशी पोटात पिळा पडला, तेव्हा मी न्हाणीघराची चौकट धरून उभी होते. कुंपणापलीकडून नर्सबाईंनी पाहिलं आणि त्या सरळ घरात आल्या. सासूबाई रानात गेल्या होत्या.

“गोळ्या कुनी दिल्या? डाक्टरनं का मेडिकलवाल्यानं?”

“कसल्या गोळ्या?”

“कागद दाखव.”

मी दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली आणि कागदावरची दुखण्याची गोळी खायला दिली. “कळ चढायच्या आधी घ्यायची. सोसलं म्हनून कुनी बक्षीस देत न्हाई. तासाला दोन पॅड भिजले आन् असं दोन तास चाललं, तर मला हाक मारायची. लाजायचं न्हाई.”

का, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यामुळे तर माझा संशय वाढला. हिनं सगळं जमा करून ठेवलंय, आता सासूबाईंना सांगणार.

चौथ्या दिवशी ताप आला. नर्सबाईंना कळू नये म्हणून मी तापाच्या गोळ्या घेत पडून राहिले. पाचव्या दिवशी त्या आल्या. कपाळाला हात लावला, तर गार. पण त्यांनी उशी उचलली आणि तिच्याखालच्या पाकिटातल्या तापाच्या गोळ्या मोजल्या.

“तीन कमी हायेत. ताप कवापासून लपवतीस? रगताला वास येतोय का?”

मी होकारार्थी मान हलवली. अर्ध्या तासात आम्ही जीपनं मंचरला होतो. आत थोडं राहिलं होतं, जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला काहीच विचारलं नाही. मला वाटलं, नर्सबाईंनी सांगितलंच. पुढं तीन वर्षं मी नर्सबाईंशी कामापुरतंच बोलले. त्यांनीही कधी जाब विचारला नाही. येता-जाता माझ्या पापण्यांकडे मात्र बघायच्या.

गेल्या वर्षी नर्सबाई गेल्या. त्यांच्या दहाव्याहून येताना सासूबाई म्हणाल्या, “तुला मंचरला नेलं व्हतं ना, तवा मी तिला लई खोदून इचारलं. भांडले बी. म्हनली, सुनेचं सुनेला इचार. महिनाभर बोलत नव्हतो आमी.”

“मग तुम्ही मला का नाही विचारलं?”

“तू खोटं बोलशील असं वाटलं.”

रस्त्याच्या कडेलाच थांबून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पदरानं तोंड पुसत एवढंच विचारलं, “लई दुखलं व्हतं का गं?”