भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही

उमरठच्या वरच्या अंगाला डोंगर खचला आणि बायकोच्या माहेरची वाडी अर्धी गाडली गेली. लष्कराची तुकडी पोलादपूरपर्यंत आली, पण तिचे मोठे ट्रक पुढच्या अरुंद रस्त्यावर चढेनात. मग तहसील कचेरीतून मला फोन आला. महाडच्या स्टँडबाहेर एका जुन्या जीपवर मी धंदा सुरू केला होता. आता नऊ जीपा होत्या. कोणाच्या वशिल्याने नव्हे.

वर जवान, दोर, डिझेल, पाणी न्यायचं आणि खाली माणसं आणायची. दरडीपाशी रस्ता एकेरी होता, म्हणून चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्या आळीपाळीने सोडत. तुकडीचे सुभेदार साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "सामान उतरलं की गाडी लगेच परत."

"रिकामी? साहेब, डिझेल काय डोंगरातून झिरपतंय? माझी गाडी भरूनच उतरणार."

अर्धा तास भांडलो. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या गाड्या, तुमची पद्धत." मी जिंकलो. ड्रायव्हरांना बजावलं, "माझा सासरा जरी आत बसला असला, तरी भरल्याशिवाय गाडी सोडायची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मेव्हणा जिवंत सापडला. मांडीचा चेंदा झाला होता. जवानांनी पाय आवळून बांधला, त्याला खाली वळणावरच्या जीपमध्ये निजवलं आणि ते पुन्हा उकरायला वर पळाले. वायरलेसवर कळलं तसा मी पोलादपुरात अँब्युलन्स उभी केली. चाळीस मिनिटांची वाट. जीप आली अडीच तासांनी.

"कुठं मेला होतास रे?" मी ड्रायव्हरवर ओरडलो.

"शेठ, दोन शिटा कमी होत्या. एक म्हातारा-म्हातारी येतो बोलली, पन म्हशी सोडून निघंनात. तवर उतरायची पाळी गेली."

"आत कोण हाय ते दिसलं नाय तुला?"

"दिसलं ना. म्हनून तर थांबलो. तुमीच बोलला होतात, सासरा असला तरी."

मी त्याच्या थोबाडीत दिली. मागच्या सीटवर म्हातारी मेव्हण्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत दरडीपाशीच गेला, असं ती म्हणाली.

घरी बायकोने एकच विचारलं, "गाडी तिथंच उभी होती ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. मी काढला की उठून जाते.

सगळे मला दोष देतात. देऊ देत. पण माझा राग त्या सुभेदारावर आहे. मी आयुष्यभर घासाघीस केली. समोरचा कधी वाकतो आणि कधी वाकत नाही, मला कळतं. त्या माणसाच्या हातात हुकूम होता, अंगावर वर्दी होती. एक जीपवाला आवाज चढवतो आणि हा अर्ध्या तासात ऐकतो? त्याने माझी कॉलर धरायला हवी होती.