सैतानाचे मालक

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. मुलीपाशीही नाही. इथे परदेशात, एडिसन गावी आमच्या हॉलमध्ये ते चित्र आहे ना, निळसर काळे पंख मिटून, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेला सैतान — त्याच्याबद्दल आहे.

जुन्या प्रतीकवादी वळणाचं, सही नसलेलं चित्र. एका रशियन शिंप्याने ते युरोपातून गुंडाळून आणलं, पियानो शिकवणाऱ्या एका बाईंना दिलं. त्या थकल्यावर ह्यांनी घेतलं. येईल त्या पाहुण्याला हे त्याच्या मालकांची वंशावळ ऐकवत, "शिंपी, मग पियानोबाई, मग अस्मादिक!" आणि वर, "सैतान कसला, घरातून हाकललेला आहे बिचारा."

२००४ मध्ये ह्यांना कॅन्सर निघाला. पुण्याहून नणंदेचा फोन — असलं ध्यान घरात ठेवतं का कुणी? मी तत्त्वज्ञान शिकलेली, जन्मभर पुस्तकांत वावरलेली. हसून सोडून द्यायला हवं होतं. मी काय केलं? हे हॉस्पिटलात असताना चित्र शेजारच्या गराज सेलमध्ये, जुन्या सामानात, विकायला ठेवून आले. नागपूरच्या एका तरुण जोडप्याने ते नेलं.

ह्यांना म्हटलं, फ्रेम बदलायला दिलंय.

"आलं का गं फ्रेमवाल्याकडून?" पडल्या पडल्या विचारायचे.

"येईल की." किती सहज म्हणायचे मी!

एकदा रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "मालक तर बदलला नाही ना त्याचा?"

"काहीतरीच तुमचं."

कळलं होतं का त्यांना? ते गेले, तेव्हाही खिळा रिकामाच होता.

दोन वर्षांनी मी शोधायला लागले. जोडपं पार दुसऱ्या किनाऱ्यावर, सनीव्हेलला गेलेलं. कधी एकटीने विमानात न बसलेली मी — त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काकू, न्या हो प्लीज! सासूबाई आल्यापासून कपाटात भिंतीकडे तोंड करून उभा आहे बिचारा."

बिचारा! मी दारातच खळखळून हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

चित्र आणलं ते आधी फ्रेमवाल्याकडे नेलं. मग स्टुलावर चढून, त्याच खिळ्यावर, माझ्या हातांनी टांगलं. जिंकल्यासारखं वाटलं. रोज सकाळी पडदा सरकवला की अजून वाटतं. खोटं मात्र त्याने खरं झालं नाही — विचारणारा माणूसच नव्हता.

उद्या मंडळी जेवायला येताहेत. चित्राचं कुणीतरी काढेलच. शिंपी, पियानोबाई, हे... पुढचं जोडपं मी आजवर गाळत आले. उद्या तेही सांगणार. आणि त्यांच्या हाती ते कुणी जाऊ दिलं, तेही.